टीईटी न झालेला तात्पुरता शिक्षक शाळेत घेताना

जून उजाडला की खान्देशातल्या अनेक गावांत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकच विषय निघतो. जिल्हा परिषदेची दोन शिक्षकांची शाळा असते. एका गुरुजींची बदली होते, बदलून येणारे रुजू होत नाहीत, आणि चारही वर्ग उरलेल्या एका बाईंच्या गळ्यात पडतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर हे घडतं, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात घडतं आणि साक्रीच्या डोंगराळ भागातही घडतं. मग कोणीतरी म्हणतं, "मास्तर नही ते पोरं कसा शिकतीन?" त्यावर दुसरा सुचवतो की गावातलीच अमक्याची मुलगी डी.एड. करून घरी बसली आहे, तिला बोलवू. तिची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झालेली नसते. कधी ती डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला असते, कधी नुसती बारावी झालेली असते.

नव्याने समितीचे अध्यक्ष झालेले पालक, पहिल्यांदाच मुख्याध्यापकपदाचा कार्यभार घेतलेले शिक्षक आणि शाळेत लक्ष घालू लागलेले सरपंच यांच्यासाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो. अशा मुलीला किंवा मुलाला शाळेत जरूर घ्या. पण ते कागदावर घ्या, ठरावीक मुदतीसाठी घ्या, नियमित शिक्षकाच्या हाताखाली घ्या, आणि त्या मुदतीत तिची पात्रता पूर्ण होईल याची जबाबदारी गावाने उचलावी. यातलं एक जरी सुटलं तरी वर्गातल्या मुलांचं नुकसान होतं आणि त्या तरुण मुलीचंही.

आधी कायदा समजून घ्या

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २३ शिक्षकाच्या किमान पात्रतेबद्दल आहे. ही पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत ठरवली. पहिली ते आठवीला शिकवायचं तर व्यावसायिक पदविका किंवा पदवी हवी आणि टीईटी उत्तीर्ण हवी. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून होते आणि पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. आधीपासून नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवायला कायद्याने सवलत दिली होती, तीही ३१ मार्च २०१९ ला संपली.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे. वीस वर्षं शिकवलेल्या गुरुजींनाही जिथे सूट नाही, तिथे नव्या माणसाला टीईटीशिवाय शिक्षक म्हणून नेमायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून पहिल्याच बैठकीत सगळ्यांना स्पष्ट सांगा: शिक्षकाची नेमणूक करण्याचा अधिकार समितीलाही नाही आणि ग्रामपंचायतीलाही नाही. तुम्ही घेणार आहात तो मदतनीस, स्वयंसेवक. बोलताना गाव त्यांना गुरुजी किंवा बाई म्हणेलच, मुलं तर पहिल्या दिवसापासून म्हणतील. पण कागदावर कुठेही "शिक्षक" हे पदनाम लिहू नका.

खरंच गरज आहे का, आणि वरती मागणी केली आहे का

स्वयंसेवकाचा विचार करण्याआधी हक्काचा शिक्षक मागा. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक हवेत. मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त पदं रिक्त ठेवता येणार नाहीत, असं कलम २६ सांगतं. मुख्याध्यापकांकडून शाळेची संचमान्यता, म्हणजे पटानुसार मंजूर झालेल्या पदांचा कागद, घ्या, मंजूर पदं आणि कार्यरत शिक्षक यांचा फरक लिहून काढा, समितीचा ठराव करा आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तोंडी सांगून येऊ नका. आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि ती फाईलला लावा. जवळच्या जादा शिक्षकाच्या शाळेतून कोणाला कामगिरीवर पाठवता येईल का, हेही त्याच अर्जात विचारा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

हा अर्ज न करता थेट स्वयंसेवक बसवला की गावाची गरज कागदावर दिसतच नाही. पुढच्या वर्षी तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर "शाळा तर सुरू होती" असं उत्तर मिळतं. म्हणून स्वयंसेवक आल्यावरही दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहा.

कोणत्या वाटेने घेता येईल

शासनाची एखादी योजना चालू असेल तर ती वाट सगळ्यात सोपी. पण या योजना फार लवकर बदलतात. जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर, वयाच्या ७० वर्षांपर्यंत, रिक्त जागी घेण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांना महिना १५,००० रुपयांवर कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय झाला आणि नंतर तोही मागे घेतला गेला. २०२४ मध्येच मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. यातले बरेच प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आले. त्यांच्यापैकी कित्येकांना ही नोकरी आहे असं वाटलं आणि मुदत संपली तेव्हा ते हवालदिल झाले. पत्रात प्रशिक्षण असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण ते कोणी त्यांना नीट वाचून दाखवलं नव्हतं.

त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी सांकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून निर्णय शोधा, आणि त्या विषयावरचा सगळ्यात अलीकडचा निर्णय कोणता हेही पाहा. नाही सापडला तर गटसाधन केंद्रात जाऊन विचारा.

योजना नसेल तर दुसरी वाट गावाची. समिती ठराव करते, ग्रामपंचायत किंवा गावातले दाते मानधन देतात आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी संमती घेतली जाते. ही संमती मिळायला वेळ लागला तरी थांबा. शाळेत बाहेरचा माणूस मुलांसोबत असणं आणि ते वरिष्ठांना ठाऊक नसणं, हे मुख्याध्यापकाच्या मानेवरचं ओझं आहे.

खान्देशाला या वाटेचा अनुभव आहे. वस्तीशाळा निघाल्या तेव्हा पाड्यापाड्यांवर गावातलीच बारावी झालेली पोरं तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक म्हणून उभी राहिली. पुढे त्यांनी शिकवता शिकवता डी.एड. पूर्ण केलं आणि बऱ्याच वर्षांनी ते सेवेत कायम झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी मुलं आज नोकरीत आहेत. पण तो काळ टीईटीच्या आधीचा होता. "ते झाले तसे आपणही कायम होऊ" ही आशा आजच्या मुलांना दाखवणं म्हणजे त्यांना फसवणं आहे.

पैसा कुठून आणि कसा

पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून वेतन आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. ग्रामसेवक हे सांगतीलच. ग्रामपंचायतीने द्यायचं तर स्वनिधीतून. पेसा (आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातल्या गावांना, म्हणजे अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव), तळोदा आणि नवापूर हे तालुके, तसंच शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेरमधली ठरावीक गावं, यांना पाच टक्के अबंध निधी मिळतो. त्याच्या बाबींमध्ये शिक्षण आहे. नेमका हा खर्च त्यात बसतो का, हे ग्रामसभा कोष समितीत ठेवून आणि ग्रामसेवकाकडून लेखी घेऊनच पुढे जा.

पालकांकडून दर मुलामागे शंभर-दोनशे रुपये गोळा करायची पद्धत काही गावांत पडली आहे. ती बंद करा. शिक्षण हक्क कायद्याने हे शिक्षण मोफत आहे. पैसे न दिलेल्या घरातलं पोर वर्गात मान खाली घालून बसतं, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातं ते परत शाळेकडे फिरकत नाही. देणगी घ्या, पण ऐच्छिक घ्या आणि पावती देऊन घ्या.

रक्कम कमी असली तरी चालेल, पण ती ठरलेल्या तारखेला थेट बँक खात्यात जायला हवी. रोख देऊ नका. आणि मानधनाची पूर्ण मुदतीची तजवीज झाल्याशिवाय कोणाला बोलावू नका. सहा महिन्यांचे पैसे असतील तर सहा महिन्यांचंच पत्र द्या. दोन महिन्यांचं मानधन थकलेली मुलगी लाजेपोटी काही बोलत नाही, पण ती शाळेत उशिरा यायला लागते आणि मग गाव तिलाच नावं ठेवतं.

माणूस निवडताना

गावात दवंडी द्या, ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लावा, किमान आठ दिवस मुदत द्या. एकच अर्ज येणार हे माहीत असलं तरी हे करा. नंतर "सरपंचांच्या भावकीतली घेतली" असा बोभाटा होतो, तेव्हा हाच कागद कामी येतो.

कोणाला पसंती द्यावी? डी.एल.एड. (म्हणजे पूर्वीचं डी.एड.) झालेला आणि टीईटी बाकी असलेला उमेदवार असेल तर तो पहिला. त्यानंतर डी.एल.एड. शिकत असलेला. बी.एड. झालेल्यांबद्दल एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते: ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही. बी.एड. झालेली मुलगी स्वयंसेवक म्हणून उत्तम काम करेल, पण तिची पुढची वाट सहावीपासून पुढच्या वर्गांची आहे, हे तिला आधी सांगा.

मुलांची घरची बोली येणारा उमेदवार मिळाला तर त्याचं मोल फार आहे. शिरपूर-चोपड्याच्या पाड्यांवर पावरी, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी. पहिलीतलं पोर शाळेच्या मराठीला बुजतं. "आठे ये, मनाजोडे बठ" (इथे ये, माझ्याजवळ बस) एवढं कानावर पडलं तरी ते दप्तर उघडतं. पदविकेच्या गुणपत्रिकेत ही गोष्ट दिसत नाही, म्हणून मुलाखतीऐवजी अर्धा तास पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये बसवून पाहा. ती मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली बसते की उभी राहून बोलते, मागच्या रांगेतल्या मुलाचं नाव विचारते की नाही, एवढंच बघा. त्या अर्ध्या तासात तुम्हाला पुरेसं कळतं.

पोलीस ठाण्याकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र अनिवार्य ठेवा. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. गावातलाच मुलगा आहे, आपण लहानपणापासून ओळखतो, म्हणून हे टाळू नका. लहान मुलांचा प्रश्न आहे. मूळ शैक्षणिक कागदपत्रं पाहा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. २०१९-२० च्या टीईटी गैरव्यवहारात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. "टीईटी झाली आहे, प्रमाणपत्र यायचंय" असं कोणी म्हणालं तर ते हातात येईपर्यंत त्याला टीईटी न झालेलाच समजा.

ठराव आणि पत्र

ठराव समितीच्या इतिवृत्त नोंदवहीत हवा. त्यात शाळेतील रिक्त पदाची स्थिती, गटशिक्षणाधिकाऱ्यांना केलेल्या मागणीचा दिनांक, उमेदवाराचं नाव व शिक्षण, मुदत, मानधन आणि ते कुठून येणार हे लिहा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यांच्या सह्या खरोखर बैठकीत होऊ द्या. घरोघर वही फिरवून घेतलेल्या सह्यांना अर्थ नाही.

उमेदवाराला द्यायचं पत्र एका पानाचं पुरे. मजकूर साधारण असा ठेवा:

"शाळा व्यवस्थापन समितीच्या दि. ... च्या ठरावानुसार आपणास इयत्ता पहिली व दुसरीच्या मुलांना वाचन, लेखन व गणित यांत मदत करण्यासाठी शैक्षणिक स्वयंसेवक म्हणून दि. ... ते दि. ... या कालावधीसाठी बोलावण्यात येत आहे. दरमहा रु. ... मानधन दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बँक खात्यात जमा होईल. ही शिक्षकपदावरील नियुक्ती नाही. नियमित शिक्षक रुजू झाल्यास १५ दिवसांची सूचना देऊन हा कालावधी संपवता येईल व तोपर्यंतचे मानधन दिले जाईल. या कामामुळे शासकीय सेवेत कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही."

शेवटचं वाक्य कठोर वाटतं, पण ते वगळू नका. तात्पुरत्या कामामुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ च्या उमादेवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरी दरवर्षी कोणीतरी दलाल "दोन वर्षं काढ, मी कायम करून देतो" असं सांगत फिरतो आणि घरचे शेत गहाण ठेवून त्याला पैसे देतात. हे पत्र उमेदवाराच्या आईवडिलांसमोर मोठ्याने वाचा. शक्य असेल तर त्यांच्या बोलीत समजावून सांगा. कोणी पैसे मागितले तर समितीला कळवायचं, हेही तिथेच सांगा.

पहिला महिना

समित्या माणूस आणून बसवतात आणि मोकळ्या होतात. खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि ते नियमित शिक्षकाचं आहे.

पहिल्या आठवड्यात स्वयंसेवकाला स्वतंत्र वर्ग देऊ नका. तिने बाईंच्या वर्गात मागे बसून पाहावं. परिपाठ कसा घेतात, पहिलीला काम देऊन बाई तिसरीकडे कशा वळतात, एखादं मूल रडायला लागलं तर काय करतात, हे टिपून ठेवावं. शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं दोघींनी त्यावर बोलावं. दुसऱ्या आठवड्यात तिने पाच-सहा मुलांचा गट घ्यावा, तोही त्याच खोलीत किंवा व्हरांड्यात, बाईंच्या नजरेसमोर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून एखादी पूर्ण तासिका.

शिकवता न आल्यामुळे काय होतं आणि थोडं दाखवल्यावर काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. दुसरीच्या मुलाला "एकवीस लिही" म्हटलं की तो बारा लिहितो. नवखी स्वयंसेविका खोडून पुन्हा लिहायला लावते. तो पुन्हा बारा लिहितो, आता घाबरत. मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याची चूक नाही, कारण त्याने आधी "एक" ऐकलं आणि मग "वीस", म्हणून एकाचा अंक आधी मांडला. हीच अडचण डोळ्यांसमोर ठेवून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" अशी मांडणी आली होती आणि तिच्यावरून राज्यभर वाद पेटला होता. अनुभवी बाई इथे अंक बाजूला ठेवतात. शेतातून आणलेल्या तुरीच्या काड्या घेतात, दहा-दहाच्या दोन जुड्या दोऱ्याने बांधायला सांगतात आणि एक काडी सुटी ठेवतात. जुड्या किती? दोन. त्या डाव्या हाताला ठेव. सुट्या किती? एक. ती उजव्या हाताला. आता खाली पाटीवर लिही. मुलगा लिहितो २१ आणि स्वतःच वर बघतो. मग एकतीस, एक्केचाळीस, त्रेपन्न. काड्या काढून घेतल्या तरी तो आता डावी-उजवी बाजू मनात धरतो.

ही गोष्ट डी.एल.एड.च्या वर्गात शिकवली जाते. जिने ते केलेलं नाही तिला कोणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते, आणि एकदा दाखवली की ती विसरत नाही. असे दहा-बारा प्रसंग पहिल्या महिन्यात घडले तर उरलेलं वर्ष सुरळीत जातं. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षण परिषद होते, केंद्रप्रमुखांना विचारून तिथे स्वयंसेविकेला सोबत न्या. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं एखादं प्रशिक्षण तालुक्याला असेल तर बसायला परवानगी मागा. दीक्षा ॲपवरचे पाठही उपयोगी आहेत, मात्र सातपुड्याच्या आत रेंज नसते, तेव्हा बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्यायला सांगा.

मारायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ती स्वतः मार खात शिकलेली असू शकते आणि तिला छडी ही शिकवण्याचाच भाग वाटत असू शकते. तिला रागावू नका, नियम सांगा आणि त्याऐवजी काय करायचं ते दाखवा. एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवायचं नाही, शाळा सुटल्यावर कोणाला घरी बोलवायचं नाही, मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकायचे नाहीत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती सगळ्यांनाच द्या, स्वयंसेवकालाही आणि नियमित शिक्षकालाही.

काय करायला लावू नये

हजेरीपत्रकावर सही, निकालपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची) माहिती भरणं, शाळेची रोख रक्कम: यातलं काहीही स्वयंसेवकाकडे देऊ नका. मुलीला मोबाइल चांगला हाताळता येतो म्हणून सगळी ऑनलाइन कामं तिच्याकडे सरकतात आणि ती ज्या मुलांसाठी आली ती तशीच बसून राहतात. हे फार शाळांत होतं.

सगळ्यात मोठा धोका मात्र डमी शिक्षकाचा. दुर्गम पाड्यावर नेमणूक असलेले काही गुरुजी गावातल्या पोराला दोन-तीन हजार रुपये देतात आणि स्वतः तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात. मुलं त्या पोरालाच गुरुजी समजतात. पगार एकाचा, शाळा दुसऱ्याची. तुमचा स्वयंसेवक कितीही चांगल्या हेतूने आलेला असला, तरी नियमित शिक्षकाला "आता शाळा सांभाळणारं कोणीतरी आहे" असं वाटायला लागलं की हाच प्रकार तुमच्या गावात घडू शकतो. म्हणून ठरावातच लिहा: नियमित शिक्षक हजर नसतील त्या दिवशी स्वयंसेवक एकटा शाळा चालवणार नाही. एकच शिक्षक असतील आणि ते रजेवर गेले, तर केंद्रप्रमुखांना कळवून दुसऱ्या शाळेतून व्यवस्था मागायची. पालकांपैकी दोघांनी आठवड्यातून एकदा, वार न सांगता, शाळेत डोकवावं. गुरुजींना वाईट वाटेल अशी भीती बाळगू नका. रोज येणाऱ्या गुरुजींना याचं काहीच वाटत नाही, उलट पालक शाळेत आले याचा त्यांना आनंद होतो.

टीईटीची वाट

मुदत सुरू होते त्या दिवशीच पात्रतेचं वेळापत्रक कागदावर आणा. डी.एल.एड. झालेलं नसेल तर दोन वर्षांचा प्रवेश हे पहिलं काम. झालं असेल तर टीईटी. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येकी १५० गुण, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात, मागासवर्गीय उमेदवारांना ५५ टक्के. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे ३०-३० गुणांचे पाच भाग असतात. सीबीएसई घेते ती केंद्रीय परीक्षा, सीटीईटी, हीसुद्धा चालते. उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर वैध असतं, पूर्वीसारखं सात वर्षांनी बाद होत नाही.

आमच्याकडच्या मुलांचे गुण बहुधा गणितात आणि इंग्रजीत जातात. बालमानसशास्त्रात मात्र वर्गातल्या कामाचा थेट उपयोग होतो. मूल चुकतं तेव्हा ते कसा विचार करत असतं, हा प्रश्न ज्याने तुरीच्या काड्यांनी हाताळला आहे त्याला पर्याय निवडताना फार अडत नाही. नियमित बाईंनी आठवड्यातून एक तास गणिताला द्यावा. परीक्षेआधी दहा-पंधरा दिवस भरपगारी सुट्टी द्या. परीक्षा केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर जाण्यायेण्याचं भाडं ग्रामपंचायतीने द्यावं. एवढ्या खर्चाने गावात एक पात्र शिक्षक तयार होत असेल तर तो खर्च सगळ्यात सत्कारणी लागलेला.

टीईटी म्हणजे नोकरी नव्हे, हेही तिला वेळीच समजू द्या. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते, तिला आपण टेट म्हणतो, २०० गुणांची. टीईटी आणि टेट यात पालकांचाच काय, उमेदवारांचाही गोंधळ होतो. मग टेटच्या गुणांवर शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरायचा. निवड झाली तर तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,००० रुपये, आणि त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. टेट दरवर्षी होत नाही: २०१७, मग २०२२ ची परीक्षा प्रत्यक्षात २०२३ मध्ये, आणि त्यानंतर थेट २०२५. म्हणून टीईटी आधी होऊन हातात असलेली बरी, टेटची जाहिरात आल्यावर धावपळ करायची वेळ येत नाही.

मुदत संपताना

नियमित शिक्षक रुजू झाले की गावाला आनंद होतो आणि स्वयंसेविकेला दुसऱ्या दिवशीपासून कोणी विचारत नाही. तसं होऊ देऊ नका. पत्रात लिहिलेली पंधरा दिवसांची सूचना द्या. त्या पंधरा दिवसांत तिने नव्या गुरुजींना मुलांची माहिती द्यावी: कोण वाचतं, कोण अक्षरं ओळखतं पण जोडत नाही, कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि पोर आजीकडे आहे, भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या) आठवड्यात कोणाच्या घरी जाऊन बोलावून आणावं लागतं. ही एक वही असते आणि नव्या शिक्षकाचे दोन महिने वाचवते.

शेवटचं मानधन कार्यमुक्तीच्या दिवशीच जमा करा. समितीच्या शिक्क्याने आणि मुख्याध्यापकांच्या सहीने प्रमाणपत्र द्या, त्यात "शिक्षक" न लिहिता "शैक्षणिक स्वयंसेवक" असंच लिहा, कालावधी आणि केलेलं काम नेमकं नोंदवा. पवित्र पोर्टलच्या निवडीत याचे गुण मिळत नाहीत, हे तिला सांगून ठेवा, म्हणजे कोणी त्यावर चुकीचा अनुभव दाखला करून देतो म्हणालं तर ती फसणार नाही. प्रमाणपत्राची एक प्रत शाळेच्या फाईलला ठरावाच्या मागे लावा, मानधनाच्या बँक नोंदी तिच्यासोबत ठेवा, आणि पुढच्या मासिक बैठकीत ग्रामपंचायतीने दिलेल्या रकमेचा जमाखर्च पालकांसमोर वाचून दाखवा.